नाशीच्या सालीचा हंगाम: जपानमधल्या तोत्तोरीच्या बागेतल्या प्रकल्प नोंदी

18 एप्रिल

मांडवावर नाशीची, म्हणजे जपानी नासपतीची, फुलं भरात आहेत. आज दिवसभर नव्या संकराचं काम. आई कोसुई, बाप ओसा-निजिस्सेइकी, दोन्ही नाशीचेच वाण. कोसुईच्या उमलू घातलेल्या कळ्यांचे परागकोश चिमट्याने काढले, कुंच्याने पराग लावले, वरून कागदी पिशवी, देठाला लेबल. एका गुच्छात साधारण आठ फुलं येतात. त्यातली बुडापासून तिसरी ते पाचवी ठेवायची, बाकी खुडायची. अगदी खालच्या फुलांची फळं चपटी होतात, शेंड्याकडच्यांची लांबट आणि लहान.

यंदाचं मुख्य काम मात्र बागेच्या वरच्या टप्प्यावर आहे. याच जोडीची जुनी रोपं तिथे उभी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना आता फळ धरतंय. त्या प्रत्येक झाडाच्या फळाची साल कशी आहे, याची पक्की नोंद करायची. ऐकायला सोपं वाटतं. गेल्या हंगामाच्या वहीत मात्र एकाच झाडापुढे दोन जणांनी ‘तांबूस’ आणि ‘हिरवट’ असे दोन शेरे मारलेत. दोघंही वर्षानुवर्षं नाशीत काम करणारे. म्हणजे अडचण बघणाऱ्याच्या डोळ्यात नाही, मोजपट्टीत आहे. ती मोजपट्टी बसवणं हाच माझा प्रकल्प.

जोडीबद्दल एक नोंद, पुढे लागेल म्हणून. नाशीचं फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. स्त्रीकेसर एस जनुकाचा आपल्यासारखाच प्रकार असलेला पराग ओळखतो आणि अडवतो. कोसुईचे प्रकार एस-4 आणि एस-5, निजिस्सेइकीचे एस-2 आणि एस-4. ओसा-निजिस्सेइकी हा तोत्तोरीतच सापडलेला निजिस्सेइकीचा उत्परिवर्तित वाण. त्याच्या स्त्रीकेसरातली एस-4ची अडवणूक गेली आहे, म्हणून तो स्वतःच्या परागाने फळतो. पण त्याचा एस-4 पराग कोसुईवर अडवला जातोच. त्यामुळे या घराण्यातल्या प्रत्येक रोपाला बापाकडून एस-2च मिळालेला असणार. एस जनुकांची जागा 17व्या गुणसूत्रावर आहे, सालीच्या जनुकाची मुख्य जागा 8व्यावर. म्हणून या गाळणीमुळे तिथलं प्रमाण बिघडण्याचं कारण नाही.

25 एप्रिल

पाकळ्या गळल्या. बागेत काम हलकं, म्हणून बैठकीसाठी पार्श्वभूमी लिहून काढली.

जपानी लोक नाशीचे दोन वर्ग करतात: तांबडी आणि हिरवी. होसुई, नीताका, चोजुरो तांबड्या, निजिस्सेइकी हिरवी. पण तांबड्या नाशीत सफरचंदासारखं तांबडं रंगद्रव्य नसतं. तो रंग बुचाचा, म्हणजे बाटलीच्या बुचासारख्या तपकिरी पेशीथराचा. हात लावला की कळतं, चिकूच्या सालीसारखा भुरकट, किंचित खरखरीत पृष्ठभाग. हिरव्या नाशीवर मेणचट, गुळगुळीत थर असतो आणि बूच फक्त ठिपक्यांपुरतं. दोन्हींच्या मधला एक तिसरा वर्ग आहे, त्याला पैदासकार मध्यम म्हणतात: बूच काही भागावर, काही भाग उघडा हिरवा. बाजारात तांबडी म्हणून विकली जाणारी कोसुई खरं तर या मधल्या वर्गातली.

निजिस्सेइकीचा उगम मला फार आवडतो. चिबा प्रांतातल्या मात्सुदोमध्ये 1888 साली काकुनोसुके मात्सुदो या तेरा वर्षांच्या मुलाला उकिरड्यावर उगवलेलं एक रोप दिसलं आणि त्याने ते घरच्या बागेत आणून लावलं. फळ लागायला दहा वर्षं गेली. पुढे वाणाला नाव मिळालं, आणि 1904 मध्ये एइजी कितावाकी यांनी त्याची दहा रोपं तोत्तोरीत आणली. हा प्रांत हिरव्या नाशीचा झाला तो त्या दहा रोपांमुळे. मूळ झाड महायुद्धातल्या बॉम्बफेकीत होरपळलं आणि 1947 मध्ये वाळलं. पुढे जपानी पैदासकारांनी हा वाण इतक्या वेळा वापरला, की आजच्या बहुतेक नव्या वाणांच्या वंशवेलीत तो कुठे ना कुठे येतोच. त्याची एक किंमतही आहे: जवळच्या नात्यातले संकर वाढले की रोपं मलूल निघतात. आमच्या वरच्या टप्प्यावरही काही तशी आहेत.

8 मे

विरळणी चालू. संध्याकाळी प्रमाणांचं गणित मांडलं.

आधार आकिओ किकुचि यांचा. नीताका आणि किकुसुई हे वाण काढणारे हेच पैदासकार. 1920च्या दशकात त्यांनी सालीच्या वारशाची मांडणी केली आणि ती अजून कामाची आहे. त्यांच्या मते दोन जनुकं. पहिलं ‘आर’, बूच तयार करणारं. दुसरं ‘आय’, बुचाला आवर घालणारं. आरच्या दोन्ही प्रती प्रभावी असतील तर फळ पूर्ण तांबडं, आय काहीही असो. दोन्ही अप्रभावी असतील तर हिरवं, तिथेही आयचा प्रश्न येत नाही. आरची एक प्रत प्रभावी आणि एक अप्रभावी असेल तरच आयचा हात चालतो: प्रभावी आय असेल तर मध्यम, नसेल तर तांबडं.

म्हणजे आय हे जनुक दोन टोकांना लपलेलं असतं. हिरवं फळ पाहून त्यात कुठला आय आहे हे सांगता येत नाही, आणि आरच्या दोन्ही प्रती प्रभावी असलेल्या फळातही नाही. ते दिसतं फक्त विषमयुग्मी, म्हणजे आरची एक प्रभावी आणि एक अप्रभावी प्रत असलेल्या, झाडात. या प्रकल्पाचं सगळं मोल त्या मधल्या वर्गात आहे, आणि वहीत घोळ होतो तोही नेमका तिथेच.

आमच्या जोडीला हे लावून पाहू. कोसुई मध्यम, म्हणजे आर विषमयुग्मी आणि किमान एक प्रभावी आय. वंशवेलीशीही हे जुळतं: कोसुईची आई किकुसुई हिरवी, तिने अप्रभावी आरच दिलेला असणार. ओसा-निजिस्सेइकी हिरवा, म्हणून त्याचे दोन्ही आर अप्रभावी. तेव्हा निम्मी रोपं हिरवी अपेक्षित. उरलेल्या निम्म्यांचं काय, ते आयवर. दोन्ही पालकांत आयची एकेक प्रभावी प्रत असेल तर आठ रोपांत चार हिरवी, तीन मध्यम, एक तांबडं. बाप दोन्ही बाजूंनी अप्रभावी असेल तर चार, दोन, दोन. दोघांपैकी एकाकडेही प्रभावी आयच्या दोन प्रती असतील तर पूर्ण तांबडं एकही नाही.

एखाददुसरं मध्यम झाड चुकून तांबड्यात टाकलं की निष्कर्ष पार उलटतो. चार-तीन-एक आणि चार-दोन-दोन यांत अंतर ते किती! म्हणून मोजपट्टी.

19 मे

पिशव्या घालायला सुरुवात. निजिस्सेइकीला दोनदा पिशवी लागते: आता मेणकागदाची लहान, जूनमध्ये मोठी. एकेका फळाच्या देठाला तारेने आवळायची, हात वर करून, मान मागे टाकून, दिवसभर. बागेत हे काम बहुतेक वयस्क बायका करतात आणि त्यांचा वेग मला अजून गाठता आलेला नाही.

पिशवीचं कारण साल. फळाभोवती पाऊस आणि दमट हवा राहिली की गुळगुळीत सालीवरही बुचाचे चट्टे उठतात आणि भाव पडतो. दुसरं कारण काळा डाग, अल्टर्नेरिया बुरशीचा रोग. त्याच्या एका प्रकाराचं विष निजिस्सेइकीवर नेमकं लागू पडतं. त्यावर गोल्ड निजिस्सेइकी हा वाण निघाला. इबाराकी प्रांतातल्या गॅमा किरणांच्या शेतात 1962 साली लावलेल्या झाडावर 1981 मध्ये एक फांदी रोगाला दाद देत नाही असं दिसलं, तिच्यापासून तो वाण आला. रोगाची बाजू सुधारली, साल होती तशीच हिरवी आणि नाजूक राहिली. त्यामुळे पिशवी काही सुटली नाही.

रात्री मामाचा निफाडहून फोन. पिशव्यांचं सांगितलं तर म्हणाला, “अगं, आम्हीही द्राक्षाच्या घडांना पेपर लावतोच की, पिंक बेरी नको, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. मजुरीनेच कंबर मोडते. तुम्ही तिथे शिकलेली माणसं, मग पेपर न लावता चालेल असा वाण का काढत नाही?” मामाने नेमकं बोट ठेवलं. पैदासकारांना सालीचं जनुकशास्त्र हवं आहे ते याचसाठी. गोडी हिरव्या नाशीची, पण साल अशी की पिशवीचा खर्च वाचेल.

आपल्या प्रकल्पासाठी निर्णय: वरच्या टप्प्यावर प्रत्येक झाडाच्या निम्म्या फळांना पिशवी, निम्मी उघडी. दोन्ही त्याच झाडावर, शक्यतो त्याच फांदीवर.

11 जून

आज सूक्ष्मदर्शकावर. होसुई, कोसुई आणि निजिस्सेइकीची फळं आणून सालीचे पातळ उभे काप घेतले आणि सुदानने रंगवले. हा रंग मेणचट द्रव्यांना धरतो.

निजिस्सेइकीत बाहेरच्या कडेला नारिंगी रंगाची एकसलग रेघ. ती उपत्वचा, म्हणजे तो मेणचट थर. तिच्या खाली बाह्यत्वचेच्या पेशींची एक ओळ, नीट मांडलेली. मधेच ही रेघ तुटते आणि तिथे पेशींचा छोटा ढीग दिसतो, तपकिरी, बाहेर फुगलेला. तो ठिपका. कोवळ्या फळावर आधी तिथे रंध्र होतं. फळ फुगायला लागलं की रंध्र ताणून फाटतं आणि ती जागा बुचाने बुजवली जाते. हिरव्या नाशीवरचे ठिपके ही सगळी फाटलेली रंध्रं.

होसुईत चित्रच वेगळं. नारिंगी रेघ जागोजागी फाटलेली, तिचे तुकडे वर लोंबतायत. खाली चपट्या, आयताकृती पेशींच्या रांगाच रांगा, एकीवर एक, सगळ्यांच्या भिंती नारिंगी. हे बूच, सुबेरिन या मेणचट द्रव्याने भरलेलं. त्याच्या तळाशी रंग न धरणाऱ्या पातळ भिंतींच्या पेशींची ओळ, जिथून हे बूच तयार होतं. बाह्यत्वचा जवळजवळ नाहीशी झाली आहे. म्हणजे तांबड्या नाशीची साल हिरवीवर चढवलेला रंग नव्हे, ती निराळीच ऊती आहे.

सर्वांत जास्त वेळ कोसुईवर गेला. एकाच कापात डावीकडे सलग नारिंगी रेघ आणि धड बाह्यत्वचा, उजवीकडे बुचाच्या रांगा, आणि मधे दोन्हींची सीमा. ती सीमा एका ठिपक्याच्या कडेला होती. तिथून बूच बाजूला सरकत गेलेलं दिसतं: ठिपक्याजवळ रांगा जाड, पुढे पातळ होत होत एकच, मग थांबल्या. हा काप जपून ठेवलाय. माझ्या मते मध्यम वर्गाचा अर्थ इथेच आहे. बूच तयार होण्याची यंत्रणा दोन्हीकडे सारखीच, फरक ती कुठवर पसरते याचा.

6 जुलै

पावसाळी हंगाम जोरात. उघड्या फळांवर फरक दिसू लागलाय. पिशवीतली उघडून पाहायचा मोह आवरला. पिशवी काढली की ते फळ प्रयोगातून बाद.

29 जुलै

मोजपट्टीचा मसुदा आज बैठकीत मांडला. प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठांचा आग्रह होता की रंगमापक वापरावा, यंत्र हाताशी आहे, आकडा मिळतो, वाद नको. मी विरोध केला आणि कारणं सविस्तर सांगितली.

फळ पिकतं तसा सालीखालचा हिरवा रंग उतरून पिवळा होतो. कोसुईची तोडणी ठरवायला बागायतदार रंगपट्टी वापरतात ती याच बदलासाठी. तेव्हा रंगमापकाने घेतलेल्या आकड्यात दोन गोष्टी मिसळतात: बूच किती, आणि फळ किती पिकलंय. शिवाय पिशवीतलं तांबडं फळ फिकट निघतं. बूच तेवढंच असतं, पण यंत्र त्याला मध्यम ठरवेल. गेल्या वर्षीचे ‘तांबूस’ आणि ‘हिरवट’ हे शेरे असेच पडले असणार, एकाने लवकर पाहिलेलं फळ आणि दुसऱ्याने उशिरा.

म्हणून रंग मोजायचाच नाही. बुचाने झाकलेलं क्षेत्र मोजायचं. फळ फिरत्या चकतीवर ठेवून चारही बाजूंनी फोटो, एकाच प्रकाशात. ठिपके सोडून सलग बुचाचा भाग संगणकावर निवडायचा आणि एकूण सालीशी त्याचं प्रमाण काढायचं. देठाचा खळगा आणि फुलाकडचं टोक यांची नोंद वेगळी, कारण बूच तिथे आधी धरतं आणि ते भाग धरले की प्रत्येक झाड थोडं तांबडं दिसतं. जिथे फोटोवरून ठरत नाही तिथे नखाएवढा तुकडा कापून सुदान. कापात चुकायला वाव नाही: चपट्या पेशींच्या रांगा आहेत किंवा नाहीत.

चर्चा लांबली. शेवटी दोन्ही करायचं ठरलं, पण वर्ग पाडायचे ते बुचाच्या क्षेत्रावरून. मला एवढंच हवं होतं.

23 ऑगस्ट

लवकर पिकणाऱ्या झाडांची तोडणी सुरू. फळं क्रेटमध्ये, झाडाचा क्रमांक, फांदी, पिशवी की उघडं. फोटोंचं काम सावकाश चाललंय पण नीट.

3 सप्टेंबर

निजिस्सेइकीची तोडणी चालू असल्याने गावात सगळीकडे नाशीचे खोके. दुपारी विक्रीकेंद्रात नात्सुहिमे आणि शिंकान्सेन यांच्या पेट्या शेजारी शेजारी मांडलेल्या पाहिल्या. हे दोन्ही तोत्तोरी प्रांताचे वाण, आणि दोन्ही एकाच जोडीतून निघालेले: आई चिकुसुई, बाप ओसा-निजिस्सेइकी. सख्खी भावंडं, एक हिरवं, एक तांबडं.

किकुचींची मांडणी इथे लावून पाहण्याजोगी आहे. बाप हिरवा, त्याने दोघांनाही अप्रभावी आर दिला. नात्सुहिमे हिरवी निघाली, म्हणजे आई चिकुसुईकडेही एक अप्रभावी आर असलाच पाहिजे. आता शिंकान्सेन. त्याला बापाकडून अप्रभावी आर आलेलाच आहे, तेव्हा तो विषमयुग्मी. विषमयुग्मी असून तो खरोखर पूर्ण तांबडा असेल तर त्यात प्रभावी आय नाही, आणि मग ओसा-निजिस्सेइकीकडे निदान एक अप्रभावी आय आहे हे सिद्ध होतं. तो मध्यम असेल तर यातलं काहीच सिद्ध होत नाही. एका फळाच्या सालीवर बापाचं जनुक ठरतंय! पेटीतली काही फळं विकत घेऊन आले. उद्या तीही चकतीवर.

20 सप्टेंबर

तोडणी आटोपली. पिशवीतली आणि उघडी फळं समोरासमोर मांडली तेव्हा वर्ग आपोआप सुटे झाले. ही तुलना मनासारखी झाली.

तांबडी झाडं पिशवीतही तांबडीच. रंग फिकट, सोनेरीकडे झुकणारा, पण बूच सलग. हिरवी झाडं उघड्यावर थोडी डागाळली, चट्टे आले, तरी सालीचा मोठा भाग गुळगुळीतच राहिला. मध्यम झाडं मात्र पिशवीत एक आणि उघड्यावर दुसरंच रूप दाखवतात. पिशवीतलं फळ पाहणारा त्याला हिरवट म्हणेल, उघडं पाहणारा तांबूस. तेव्हा पिशवीने बुचाचं क्षेत्र खूप घटतं ते मध्यम, हा निकष मी मोजपट्टीत घातला. एकाच परिस्थितीत पाहून मध्यम झाड खात्रीने ओळखता येत नाही, असं माझं ठाम मत झालंय. वहीतल्या जुन्या नोंदी याच कारणासाठी वर्गवारीत घेऊ नयेत, असं अहवालात लिहिलं.

हिरव्यांचा वाटा निम्म्याच्या जवळ. मध्यम बरीच. पूर्ण तांबडी थोडी, पण आहेत, आणि कापांमध्येही तांबडीच ठरली. म्हणजे कोसुई आणि ओसा-निजिस्सेइकी दोघांकडे अप्रभावी आय आहे. चार-तीन-एक की चार-दोन-दोन, हे एवढ्या झाडांवरून मी ठरवणार नाही.

14 ऑक्टोबर

पानांचे नमुने डीएनएसाठी दिले. सालीची मुख्य जागा 8व्या सहलग्नता गटात, म्हणजे 8व्या गुणसूत्रावर, आहे हे आकिआकारी आणि ताइहाकु या वाणांच्या संकरावरून आधीच दाखवलं गेलंय. त्या भागातले मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणा, लावून रोप कोवळं असतानाच, फळाची वाट न पाहता, हिरवं निघणार की नाही ते सांगता येतं. बी पेरल्यापासून फळ हातात यायला कित्येक वर्षं जातात. तोवर मांडवावरची जागा, खुंट, मजुरी सगळं अडकून राहतं. मार्करचं खरं काम ही जागा वाचवणं.

पण मार्कर सांगतो तो आर. आयसाठी अजून आपल्याला फळच पाहावं लागतंय.

नमुन्यांसोबत पालकांचीही तपासणी करायला सांगितली. वंशवेल कागदावर आहे तशी धरून चालत नाही. होसुईचे आई-बाप म्हणून बरीच वर्षं वेगळीच नावं नोंदलेली होती, डीएनएने कोसुई आणि इ-33 ही जोडी दाखवली. नीताकाचा बाप इमामुराआकी समजला जाई, तो चोजुरो निघाला. एवढ्या नावाजलेल्या वाणांचं असं झालंय, मग आमच्या वरच्या टप्प्यावरच्या एखाद्या रोपाची खात्री कोण देणार? मधमाशी लेबल वाचत नाही.

27 नोव्हेंबर

एप्रिलमधल्या संकराचं बी धुऊन, ओल्या वाळूत मिसळून शीतकपाटात 5 अंशांवर ठेवलं. दोन-तीन महिने थंडी मिळाल्याशिवाय ते रुजणार नाही.

पुढच्या वसंताची यादी आज नक्की केली. आय जनुक उघडं पाडायचं तर चाचणीचा पालक असा हवा, ज्यात आर विषमयुग्मी आणि आय दोन्ही बाजूंनी अप्रभावी आहे. असं झाड आपल्याकडे आहेच: या घराण्यातली ती थोडी तांबडी रोपं. बाप हिरवा असल्यामुळे ती विषमयुग्मी, आणि तरीही तांबडी असल्यामुळे त्यांच्यात प्रभावी आय नाही. त्यांच्यावर हिरव्या वाणाचा पराग लावला की निम्मी संतती हिरवी येईल आणि उरलेली निम्मी त्या हिरव्या बापाचा आय सांगेल: सगळी मध्यम, अर्धी मध्यम आणि अर्धी तांबडी, किंवा सगळी तांबडी.

एक अट. या रोपांना बापाकडून एस-2 आलाय, आईकडून एस-4 किंवा एस-5. ज्यांना एस-4 आलाय त्यांचे प्रकार नेमके निजिस्सेइकीचेच झाले, त्यांच्यावर निजिस्सेइकीचा पराग चालणारच नाही. एस-5 आलेल्यांवर त्याचा एस-4 पराग तेवढा चालेल. म्हणून आधी तांबड्या रोपांची एस तपासणी, मग कलमकाड्या. एस-5 असलेल्यांचे डोळे मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बांधायचे, म्हणजे चाचणीला फुलं भरपूर मिळतील. रोपांचे क्रमांक फलकावर लिहून ठेवलेत. छाटणीला येणाऱ्यांनी त्या झाडांना कात्री लावण्याआधी मला विचारावं.